जात्यावरून छापखान्यांत

मराठींत काव्यसंग्रह नेमानें निघतात आणि बहुतेक नेमानेंच विसरले जातात. १९५२ सालीं निघालेल्या ‘बहिणाबाईंची गाणी’ या लहानशा पुस्तकाचें भाग्य मात्र निराळें ठरलें. कवयित्रीचा हा पहिलाच संग्रह; आणि तो दृष्टीस पडण्यापूर्वींच, १९५१ च्या डिसेंबरांत, ती निवर्तली होती.

बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० सालीं जळगांवाजवळील असोदा गांवीं झाला. तेराव्या वर्षीं लग्न होऊन त्या जळगांवीं आल्या. तिशीच्या सुमारास वैधव्य आलें. अक्षरओळख नव्हतीच. दळतांना, शेतांत राबतांना जें सुचे तें त्या गुणगुणत. चिरंजीव सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पितांबर चौधरी यांनीं जेवढें तेथल्या तेथें टिपून घेतलें, तेवढेंच राहिलें. बाकीचें पिठाबरोबर गेलें म्हणावयाचें. आपल्या घरांतील आजीबाईंच्या ओव्या कोणीं टिपल्या आहेत काय, हें वाचकांनीं एकदां आठवून पाहावें.

सोपानदेव स्वतः नांवाजलेले कवि. त्यांनीं आईचीं हीं गाणीं आचार्य अत्रे यांस दाखविलीं. अत्र्यांनीं तें बावनकशी सोनें ठरविलें, एवढेंच नव्हे तर पुस्तकास प्रस्तावनाही लिहिली. निरक्षर बाईस एवढें तत्त्वज्ञान सुचलें कसें, हा अचंबा तेव्हांपासून चालूच आहे. आमच्या मतें तो शिकलेल्यांनाच पडावयाचा! जेथें कीर्तन, ओव्या आणि म्हणी रात्रंदिवस कानांवरून जातात, तेथें विद्या डोळ्यांवाटेंच यावी असें थोडेंच आहे? नवल करावें तें दृष्टीचें. पेरणी, सुगरणीचा खोपा, चंचल मन, चुलीपुढचा संसार, विषय सारे रोजचेच. पण पूर्वीं ते कोणीं पाहिलेच नव्हते असें वाटावें.

या गाण्यांच्या भाषेस पुष्कळजण सरसकट अहिराणी म्हणून मोकळे होतात. तें बरोबर नाहीं. धुळ्याकडील अहिराणी वेगळी; ही जळगांवाकडील लेवा समाजाची बोली. ‘ळ’ च्या जागीं ‘य’, ‘ला’ च्या जागीं ‘ले’, हें नवख्या कानाला प्रथम खटकतें; मोठ्यानें वाचूं लागलें म्हणजे मात्र दुसरा शब्द तेथें चालणार नाहीं असें पटतें. शुद्ध मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनीं हें पुस्तक कौतुकानें कपाटांत ठेवलें. पण तसलीच बोली मोलकरणीच्या तोंडीं आली कीं नाक मुरडलें, ही विसंगति कांहीं लपत नाहीं.

पुढें १९६१ च्या ‘मानिनी’ बोलपटांत यांतील गाणीं आलीं, आणि ज्यांनीं पुस्तक उघडलें नव्हतें त्यांच्याही ओठीं बसलीं. शाळेच्या क्रमिक पुस्तकांत तर तीं आहेतच. २०१८ सालीं जळगांवच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठास बहिणाबाईंचें नांव देण्यांत आलें. जळगांव, धुळें आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयें त्याच्या कक्षेंत येतात. अहिराणी बोलणाऱ्या घरांतील मुलींच्या पदवीपत्रावरही आतां तेंच नांव असतें.