बहराची तिथी

वसंतात जपानला जाऊन साकुरा, म्हणजे तेथील चेरीचा बहर, एकदा पाहून यावा, अशी इच्छा अलीकडे पुष्कळ कुटुंबांत बोलून दाखविली जाते. तिकिटे, व्हिसा, राहण्याची सोय ही सारी जुळवाजुळव महिनोन्‌महिने आधी करावी लागते. परंतु ज्याच्यासाठी हा खटाटोप करावयाचा, तो बहर मात्र कोणालाही तारीख देत नाही. वाचकहो, या प्रवासातील मुख्य अडचण ती हीच.

जपानात साकुरा सर्वत्र एकदम फुलत नाही. दक्षिणेच्या ओकिनावा बेटावर तो जानेवारीतच दिसू लागतो. टोकियो व क्योटो येथे साधारणतः मार्चच्या अखेरीस किंवा एप्रिलच्या आरंभी येतो, आणि उत्तरेस होक्काइदोला पोहोचेपर्यंत एप्रिल सरत आलेला असतो. टोकियोत यासुकुनी मंदिराच्या आवारातील एक झाड नमुन्यादाखल नेमलेले आहे. हवामान खात्याचे कर्मचारी त्याची पाहणी करतात, आणि त्यावर पाच-सहा फुले उमललेली दिसली की शहरात बहर सुरू झाल्याचे जाहीर होते. पूर्ण बहर येण्यास तेथून सुमारे आठवडा लागतो. मग एखादी जोराची सर आली, वारा सुटला, की पाकळ्यांचा सडा पडून फांद्या रित्या होतात. ठिकठिकाणी लावलेली ‘सोमेइ योशिनो’ ही जात कलमांनीच वाढविली जाते; त्यामुळे एका परिसरातील झाडे जणू एकाच झाडाच्या फांद्या असल्याप्रमाणे एकदमच फुलतात.

म्हणून प्रवाशाने एकाच शहराच्या भरवशावर राहू नये. हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेवावेत. टोकियोतील फुले गळून गेली असतील, तर हिरोसाकीसारख्या उत्तरेकडील गावी एप्रिलच्या उत्तरार्धात बहर सापडू शकतो. दाट पाकळ्यांच्या काही जाती टोकियोतही उशिराच फुलतात. तेथील कुटुंबे झाडाखाली चटई अंथरून, घरून आणलेला फराळ करीत, निवांत बसतात. या रीतीस ‘हानामी’ म्हणतात. आपणही तसेच बसावे. छायाचित्रासाठी फांदी ओढू नये, फूल तोडू नये.

या हौसेतूनच एक मोठे कार्य नकळत घडून आले आहे. क्योटोतील दरबारी मंडळी व भिक्षू आपल्या रोजनिशीत फुलांच्या मेजवान्यांचे दिवस लिहून ठेवीत. अशा नोंदी एकत्र करून संशोधकांनी इ. स. 812 पासूनच्या बहराच्या तारखा जुळविल्या. मधली काही वर्षे त्यांत रिकामी आहेत. तथापि 2021 साली 26 मार्च रोजी आलेला क्योटोचा पूर्ण बहर हा त्या नोंदींतील तोवरचा सर्वांत लवकरचा ठरला, एवढे त्यांवरून सांगता आले. वाढत्या तापमानाचा आणि शहरातील उष्म्याचा हा परिणाम असल्याचे अभ्यासक मानतात. ज्यांनी त्या नोंदी केल्या, त्यांच्या मनात केवळ त्या दिवसाचा आनंद होता.

आता आपल्या अंगणाकडे वळू. गाझियाबाद व दिल्लीच्या परिसरात फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून सावर फुलू लागते. हिंदीत तिला सेमल म्हणतात, संस्कृतात शाल्मली. पाने झडून गेलेल्या उघड्या फांद्यांवर मांसल पाकळ्यांची लाल फुले येतात. मैना, बुलबुल, कावळे आणि खारी यांची त्यांवर झुंबड उडते. हे फूल पाकळी-पाकळीने न झडता सबंध खाली पडते. महाराष्ट्रात याच सुमारास सावरीबरोबर पळस आणि पांगारा फुललेले असतात. मार्चअखेर जपानचे विमान गाठणारा प्रवासी कितीदा तरी अशा झाडाखालूनच विमानतळाकडे जातो.

त्याने जपानला जाऊ नये, असे मुळीच म्हणावयाचे नाही. अवश्य जावे. मात्र ज्या घरांना हा खर्च झेपणारा नाही, त्यांनी आपण बहरास मुकलो असे मानण्याचे कारण नाही. आपल्या घरी भिंतीवर दिनदर्शिका असते. दुधाचा हिशेब आणि गॅस आल्याची तारीख आपण तीवर लिहितो. त्याच चौकटीत जवळच्या एका सावरीचे पहिले फूल कोणत्या दिवशी दिसले, ते मुलांकडून लिहवून घ्यावे. झाड मात्र दरवर्षी तेच असावे, आणि सरत्या वर्षाची दिनदर्शिका रद्दीत टाकण्यापूर्वी ती तारीख एका वहीत उतरवून घ्यावी. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातील शाळकरी मुले व नागरिक झाडांच्या अशा नोंदी पाठवीत असतात. आपल्या मुलांनाही त्यात भाग घेता येईल.

एका वर्षाच्या तारखेवरून काहीच कळत नाही. दहा वर्षांच्या तारखा एकाखाली एक लिहिल्या, म्हणजे ऋतू स्थिर आहे की सरकतो आहे, याची थोडीफार चाहूल लागते. आज आठ वर्षांचे असलेले मूल तोवर अठरा वर्षांचे झालेले असेल, आणि ती वही त्याच्याच अक्षरातील असेल.