'वाजवी' वेग कोणाच्या मापाने?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मोटारीखाली माणूस मरण पावला आणि चालकावर मनुष्यवधाचा खटला उभा राहिला, म्हणजे निर्णयासाठी ज्यूरी उठण्यापूर्वी न्यायाधीश तिला कायदा समजावून सांगतात. त्यासाठी प्रमाणित मसुदे आहेत. त्यांतील वेगमर्यादेविषयीचा भाग समाजवादी कार्यकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे.

राज्यातील ताशी ६५ मैलांची सर्वसाधारण कमाल मर्यादा ओलांडली की नियमभंग झाला. तेथे सबबीला जागा नाही. राहत्या वस्तीतील २५ मैलांची मर्यादा मात्र केवळ 'प्रथमदर्शनी' आहे. ती ओलांडली गेली तरी, त्या परिस्थितीत तो वेग वाजवी नव्हता, हे सरकार पक्षाने निःसंशय सिद्ध करावे लागते. म्हणजे पादचारी सहसा फिरकत नाहीत त्या महामार्गावर नियम पोलादी, आणि मुले-म्हातारे रस्ता ओलांडतात तेथे तो रबरी!

शाबितीचा भार सरकार पक्षावर असावा, याबद्दल आमचा वाद नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात मालवाहू गाडीवरचा कामगारही उभा राहू शकतो. त्याचे संरक्षण काढून घेणे हा समाजवाद नव्हे. आक्षेप आहे तो मापावर. 'वाजवी माणूस' म्हणून ज्यूरीने जो डोळ्यांसमोर आणावयाचा, तो सुकाणूमागे बसलेला असतो; चाकांपुढे चालणारा नव्हे.

इतर अनेक रस्त्यांवरील मर्यादाही अशाच ठरतात. शेकडा ८५ वाहने ज्या वेगाच्या आत धावतात, तो वेग आधारभूत धरला जातो. पायी चालणाऱ्याला या मतदानात मत नाही. २०२१ च्या कायद्याने स्थानिक संस्थांना मर्यादा थोडी खाली आणण्याची मुभा मिळाली. पाया मात्र बदलला नाही. वाचलेली मिनिटे चालकाच्या खाती आणि मोडलेली हाडे पादचाऱ्याच्या खाती, अशी ही जमाखर्चाची वही आहे. खर्च दुसऱ्यावर ढकलून नफा आपल्याकडे ठेवण्याची ही रीत कोणत्या अर्थव्यवस्थेची, हे वाचकांना सांगावयास नको.

वस्तीतील मर्यादा अनुल्लंघनीय ठरवावी, आणि ती मोटारींच्या सवयीवरून न ठरवता माणसाचे शरीर किती आघात सोसू शकते यावरून ठरवावी, हाच यावरील उपाय होय. आपल्याकडे ज्यूरी उरलेली नाही. परंतु भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधील 'बेदरकार' या शब्दाचा अर्थ न्यायालयांना लावावाच लागतो. तो कोणाच्या जागी उभे राहून लावला जातो, हे विचारण्याचा अधिकार रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येकाला आहे. तो अधिकार आपण बजावला पाहिजे.