आरोग्यचिंतन : औषधांची रोजकीर्द

व्यापारी कुटुंबात हिशेबाची वही सहसा चुकत नाही. दिवसभराचा व्यवहार रोजकीर्दीत उतरतो, तेथून खतावणीत जातो आणि कोणाकडे किती येणे राहिले आहे, हे महिनाअखेरीस पाहिले जाते. लक्ष्मीपुरीतील धान्याची पेढी असो वा गुजरीतील सराफी दुकान, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. त्याच घरातील वडीलधाऱ्यांनी रक्तदाबाची गोळी काल घेतली की नाही, याचे उत्तर मात्र बहुधा कोणालाच देता येत नाही. पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजाव्यात, तेव्हा कुठे अंदाज येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली दीर्घकालीन उपचारांच्या पालनाविषयी एक अहवाल प्रसिद्ध केला. विकसित देशांतसुद्धा जुनाट आजारांच्या रुग्णांपैकी सुमारे निम्मेच रुग्ण सांगितलेले उपचार नीट पाळतात, असे त्यात नमूद होते. विकसनशील देशांतील स्थिती याहून बिकट होती. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या साहाय्याने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. त्यानुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. गादीवरचे बैठे काम, जेवणाच्या अवेळा आणि बाजारभावाची चिंता यांतून हे दोन्ही आजार व्यापाऱ्यांच्या घरी सहज शिरतात. औषधे उपलब्ध आहेत आणि त्यांतील बहुतेक स्वस्तही आहेत. प्रश्न ती नियमितपणे पोटात जाण्याचा आहे.

विसरणे वेगळे, सोडून देणे वेगळे

गोळी चुकण्याची कारणे दोन प्रकारची असतात. काही रुग्ण खरोखर विसरतात. दुकान उघडण्याची घाई, प्रवास, लग्नसराई यांत गोळी राहून जाते. अशांना मोबाइलचा गजर उपयोगी पडतो. परंतु पुष्कळ रुग्ण विसरत नाहीत, ते औषध थांबवतात. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे बरे वाटू लागले की गोळी अनावश्यक वाटते. काहींना गोळ्यांची सवय लागेल अशी धास्ती असते. अ‍ॅम्लोडिपिनमुळे काही रुग्णांच्या पायांवर सूज येते, तर एनालाप्रिलच्या वर्गातील औषधांनी काहींना कोरडा खोकला लागतो. रुग्ण डॉक्टरांना हे सांगण्याचा संकोच करतो आणि आपल्यापुरता निर्णय घेऊन मोकळा होतो. वास्तविक दोन्ही त्रासांवर पर्यायी औषध मिळू शकते. अशा रुग्णाच्या मोबाइलवर दिवसातून तीन वेळा गजर वाजला, तरी तो बंद करण्यापलीकडे काही घडत नाही.

डिजिटल साधनांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. साधन आठवण देऊ शकते, चुकलेला दिवस दाखवू शकते. तो दिवस का चुकला, हे विचारणारा माणूसच लागतो.

क्षयरोगाने शिकवलेला धडा

भारतात या साधनांची सर्वांत मोठी कसोटी क्षयरोगाच्या उपचारात लागली. साध्या क्षयरोगाचा प्रचलित उपचार सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, नंतरचे चार महिने तीन औषधे. पहिल्या काही आठवड्यांतच खोकला आणि ताप ओसरतो, वजन वाढू लागते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. याच टप्प्यावर औषधे सुटली तर आजार उलटतो आणि जंतू औषधांना दाद देईनासे होतात. मग उपचार अधिक लांबतो, अधिक त्रासदायक होतो आणि घरातील इतरांनाही तोच औषधरोधी आजार जडण्याचा धोका राहतो.

म्हणून १९९७ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात ‘डॉट्स’ पद्धत राबवली गेली. आठवड्यातून तीन वेळा आरोग्यसेवकासमोर औषध गिळायचे, असा तिचा परिपाठ होता. मोलमजुरी करणाऱ्याचा त्यात रोज बुडत असे आणि दुकानदाराला आपला आजार गल्लीत कळेल ही भीती वाटत असे. मुलीचे लग्न ठरायचे असेल तर ती भीती दुप्पट. पुढे २०१७ पासून देशभर रोजच्या औषधांची पद्धत आली आणि प्रत्येक रुग्णाला दररोज समोर बसवून औषध देणे अवघड झाले.

या अडचणीवर ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ नावाची एक साधी युक्ती पुढे आली. तिचा विकास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळुरू येथील केंद्रात झाला. गोळ्यांचे पाकीट एका जाड कागदी आवरणात बसवलेले असते. गोळी बाहेर ढकलली की आवरणामागे दडलेला दूरध्वनी क्रमांक दिसतो. रुग्णाने त्या निःशुल्क क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा, की त्या दिवसाची नोंद संगणकात होते. कोणता क्रमांक निघेल हे आधी कळत नसल्यामुळे पाकीट उघडल्याशिवाय योग्य नोंद होत नाही. स्मार्टफोन लागत नाही, इंटरनेट लागत नाही आणि खर्चही नाही.

कल्पना सुंदर होती, पण तिच्या मर्यादाही दिसल्या. चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे संशोधकांनी रुग्णांच्या घरी पूर्वसूचना न देता जाऊन लघवीची तपासणी केली आणि ती संगणकातील नोंदींशी ताडून पाहिली. त्यांचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काहींनी औषध घेतले होते पण कॉल केला नव्हता आणि काहींच्या नोंदी होत्या पण शरीरात औषध नव्हते. वहीतील जमा आणि गल्ल्यातील रोकड यांचा मेळ बसला नाही, असेच म्हणावे लागेल. ज्या व्यापाऱ्याने आयुष्यभर वही आणि गल्ला दोन्ही मोजले, त्याला यातील इशारा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

चीनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तेथे क्षयरुग्णांचे चार गट केले होते. एका गटाला नेहमीची सेवा, दुसऱ्याला मोबाइलवर संदेश, तिसऱ्याला आठवण देणारी व उघडल्याची नोंद ठेवणारी औषधपेटी आणि चौथ्याला संदेश व पेटी दोन्ही. ज्या महिन्यांत पाचव्या हिश्शाहून अधिक औषधे चुकली, अशा महिन्यांचे प्रमाण पहिल्या गटात सुमारे ३० टक्के, तर केवळ संदेशांच्या गटात सुमारे २७ टक्के निघाले. पेटीच्या गटात मात्र ते १७ टक्क्यांवर आणि दोन्हींच्या गटात १४ टक्क्यांवर उतरले. पेटीतील नोंद डॉक्टर दरमहा रुग्णासमवेत पाहत असत आणि वारंवार चुकणाऱ्या रुग्णाकडे अधिक लक्ष दिले जाई. 

घाटाखालचे उदाहरण

कोल्हापूरकरांसाठी जवळचे उदाहरण गगनबावड्याचा घाट उतरला की भेटते. ‘भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम’ २०१७ च्या अखेरीस जाहीर झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे आरंभी निवडले गेले. सरकारी दवाखान्यात आलेल्या रुग्णाला एक कार्ड मिळते. त्यावरील चौकोनी सांकेतिक चिन्ह परिचारिकेने ‘सिंपल’ या अ‍ॅपमध्ये टिपले की मागील सर्व मोजमापे आणि औषधे समोर येतात. औषध तीस दिवसांचे दिले जाते आणि शक्य तेथे ते गावाजवळच्या उपकेंद्रातच मिळावे, अशी योजना असते.

या अ‍ॅपमधील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे ठरल्या दिवशी न आलेल्या रुग्णांची यादी. परिचारिका ती यादी उघडते आणि एकेकाला दूरध्वनी करते. जो फोनवर सापडत नाही, त्याच्या घरी आशा कार्यकर्ती जाते. व्यापाऱ्याच्या भाषेत ही येणे बाकीची यादी आणि तिची वसुलीच होय, फक्त येथे वसूल करायचा असतो तो रुग्णाचा जीव. या उपक्रमाला २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार लाभला. त्या यशात यंत्राइतकाच वाटा यादी पाहून फोन उचलणाऱ्या परिचारिकांचा आहे.

सूर्यास्त, व्रते आणि गजर

आपल्या घरांत ही साधने वापरताना एक गोष्ट बाहेरच्या कोणत्याही अ‍ॅपला ठाऊक नसते. रात्री नऊच्या जेवणानंतर गोळी, असे गृहीत धरून गजर लावला जातो. रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्या आजींचे त्या वेळी पाणीही बंद झालेले असते. गजर वाजतो, थांबतो आणि गोळी डबीतच राहते. महिनाभराने रक्तदाब वाढलेला दिसतो आणि डॉक्टर औषधाची मात्रा वाढवतात. मूळ औषध पोटात गेलेच नव्हते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

कोल्हापुरात हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनमध्ये सातच्या पुढे. म्हणून संध्याकाळच्या गोळीचा गजर ऋतूनुसार बदलावा लागतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे डॉक्टरांना आपला आहारनियम आधीच सांगणे. दिवसातून एकदा घ्यायची बरीच औषधे सकाळी घेता येतात, पण ते डॉक्टरांनी ठरवायचे असते. दशलक्षण पर्वातील उपवास वा एकाशन यांबाबत तर अधिक सावधगिरी हवी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत घेऊन जेवण टाळले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. याउलट, उपवासाच्या दिवसांत सगळीच औषधे स्वतःहून बंद करणेही तितकेच घातक. पर्वाच्या महिनाभर आधी डॉक्टरांची भेट घेऊन त्या दिवसांचे वेळापत्रक लिहून घ्यावे आणि तेच मोबाइलमध्ये भरावे.

पाळत नको, काळजी हवी

मुले पुण्यात वा बंगळुरूत आणि आईवडील कोल्हापुरात, हे आता अनेक घरांचे चित्र आहे. अशा वेळी मोबाइल हा मोठा आधार ठरतो. मात्र चाळीस नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर बाबांच्या मधुमेहाचा अहवाल टाकणे ही काळजी नव्हे. आजार हा रुग्णाचा असतो, त्याची माहितीही त्याचीच. क्षयरोग किंवा मनोविकार यांसारख्या आजारांत तर बोभाट्याच्या भीतीनेच रुग्ण उपचार टाळतो. नोंद कोणी पाहावी, हे रुग्णाला विचारून ठरवावे आणि ती एकाच विश्वासू व्यक्तीकडे असावी.

त्या व्यक्तीची कामे थोडी आहेत. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी रविवारी भरावी आणि मागील कप्पे पाहावेत. गोळ्या संपण्याच्या पाच दिवस आधीची तारीख मोबाइलमध्ये घालावी, कारण खंड बहुधा पाकीट संपल्यावरच पडतो. कप्पा भरलेला आढळला तर ‘गोळी का घेतली नाहीत?’ असे दरडावण्याऐवजी ‘या गोळीने काही त्रास होतो का?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नावर सबब मिळते, दुसऱ्यावर बहुधा खरे कारण. ते कारण पुढील भेटीत डॉक्टरांपर्यंत पोचवावे.

जैन परंपरेत आहार, ज्ञान आणि अभय यांच्या बरोबरीने औषधदानाला मान आहे. समाजातील अनेक दानशूर रुग्णांच्या औषधांचा खर्च उचलतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘निक्षय मित्र’ योजनेत क्षयरुग्णाला पोषण आहार देण्याची जबाबदारीही कोणीही घेऊ शकतो. अशा दात्यांनी महिन्यातून एक दूरध्वनी आपल्या दानात मिळवावा. शिधा पोचला का, हे विचारतानाच औषधे चालू आहेत ना, काही त्रास तर होत नाही ना, हेही विचारावे. त्या रुग्णाला सहा महिने पुरे करण्यासाठी पैशांइतकीच या प्रश्नाची गरज असते.