नरडाण्याची चाळ आणि बारा महिन्यांचे भाडे

गेल्या पंधरवड्यात माझे एक वयोवृद्ध स्नेही, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले गुरुजी, नरडाण्यातील सहा खोल्यांच्या एका चाळीच्या साठेखताचा मसुदा घेऊन माझ्या घरी आले. किंमत तीस लाख. त्यांपैकी दहा लाख निवृत्तीच्या वेळी मिळालेले आणि वीस लाख कर्जाऊ काढावयाचे. "रेल्वे येऊन राहिली भाऊ, आता नाही घेतली तर कधी घेणार?" असे ते म्हणाले. मिळकतीच्या व्यवहारांविषयी दर आठवड्यास या स्तंभात लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांची मुले शिकविली त्याच्या उतारवयातील पुंजीचा तो प्रश्न असल्यामुळे, मसुद्यावर मत देण्यापूर्वी चाळ डोळ्यांनी पाहावी असे मी ठरविले.

नरडाण्याचे स्थानमाहात्म्य कोणी नाकारू शकणार नाही. शिंदखेडा तालुक्यातील या गावी सुरत-भुसावळ लोहमार्ग आणि मुंबई-आग्रा महामार्ग एकमेकांस भेटतात. औद्योगिक विकास महामंडळाचे क्षेत्र येथे आहे. दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेच्या आराखड्यात धुळे-नरडाणा हा टापू गुंतवणूक क्षेत्र म्हणून नोंदला गेला आहे. १६ फेब्रुवारी २०१९ रोजी धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने याच टापूतून जाणाऱ्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर मार्गास, १८,०३६ कोटी रुपयांच्या खर्चासह, मंजुरी दिली. हे सारे खरे आहे. परंतु या वार्ता गुरुजींच्या कानी पडल्या तशा त्या चाळीच्या मालकाच्याही कानी पडल्या असून, उद्याच्या रेल्वेचे मोल त्याने आजच्या किमतीत आधीच मिळवून ठेवले आहे. भाडेकरू मात्र भाडे देतो ते आजच्या पगारातून.

आम्ही गेलो ती वेळ दुपारी तीनची होती. एका ओळीत सहा खोल्या, वर पत्रे, पुढे चार हातांचा ओटा. पश्चिमेकडच्या शेवटच्या खोलीच्या भिंतीला मी तळहात लावला तो क्षणभरही टिकेना. आत रात्रपाळी करून आलेला एक तरुण ओले गोणपाट जमिनीवर अंथरून झोपण्याचा प्रयत्न करीत होता. ज्या खानदेशात आपल्या आज्या-पणज्यांनी मातीच्या जाड धाब्याखाली उन्हाळे सुखाने काढले, तेथे कामकरी माणसाला उघड्या पत्र्याखाली ठेवणे मला कधीच पटलेले नाही. ओट्याच्या टोकाला सहा खोल्यांत मिळून एक नळ आणि एक हजार लिटरची टाकी होती, नि तिच्याभोवती रिकाम्या कळशांची रांग लागलेली होती. पाचव्या खोलीला कुलूप होते. शेजारच्या बाईंनी सांगितले की पाण्याच्या त्रासाने ते बिऱ्हाड होळीनंतर उठले आणि खोली तेव्हापासून रिकामीच आहे. मसुद्यासोबतच्या भाड्याच्या यादीत मात्र सहाही खोल्यांचे भाडे बारा महिन्यांचे धरलेले होते.

तेथेच ओट्यावर बसून आम्ही हिशेब मांडला. दर खोलीस तीन हजार म्हणजे महिन्यास अठरा हजार आणि वर्षास दोन लाख सोळा हजार. किमतीशी ताडून पाहता सव्वासात टक्क्यांच्या जवळपास, आणि दलालाने सांगितलेला आकडा तोच. पण प्रत्येक खोली वर्षातून दोन महिने रिकामी राहील असे समजून चालणे शहाणपणाचे, म्हणून छत्तीस हजार वजा केले. घरपट्टी, रंगसफेदी, मोटारीची दुरुस्ती, उन्हाळ्यातील टँकर आणि भाडे वसूल करणाऱ्याचा मेहनताना यांसाठी चाळीस हजार बाजूला काढले. उरले एक लाख चाळीस हजार, म्हणजे तीस लाखांवर पावणेपाच टक्केही नाहीत. आणि वीस लाखांच्या कर्जावर नऊ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच एक लाख ऐंशी हजारांच्या घरात जाते. चाळ गुरुजींना पोसण्याऐवजी गुरुजींच्या निवृत्तिवेतनावर चाळ पोसली जाणार होती. हीच मिळकत वीस लाखांस मिळाली, तर तेच एक लाख चाळीस हजार बरोबर सात टक्के होतात.

भाडेकरू कोण, हा प्रश्न मी भाड्याच्या रकमेइतकाच महत्त्वाचा मानतो. चौकशीअंती कळले की दोन खोल्यांत बांधकामाच्या ठेक्यावरचे मजूर आहेत. काम संपले की ते गाव सोडतील. कारखान्यात कायम असलेला, मुलांना गावच्या शाळेत घातलेला माणूस चार-पाच वर्षे सहज राहतो. त्यातही सर्वांची उपजीविका एकाच फाटकाच्या आत असेल तर तो धोकाच. धुळ्याच्या आणि अमळनेरच्या कापडगिरण्यांनी आपल्या प्रांतात किती संसार उभे केले आणि त्यांचा भोंगा थांबल्यावर किती संसारांची वाताहत झाली, हे ज्यांनी पाहिले त्यांना अधिक सांगावयास नको.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर-आकारणीचा दाखला आहे, मालकी हक्काचा नव्हे. म्हणून जागा गावठाणातील की बिनशेती झालेली, सातबाऱ्यावर कोणाचा बोजा, फेरफारास कोणाची हरकत, आणि भूखंड १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यास डावलून गुंठेवारीने तर पाडलेला नाही ना, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. या चाळीत सर्व भाडेकरू तोंडी करारावर आहेत. कागद केला की भाडे गोठेल, या मालकांच्या मनातील धास्तीला इतिहास आहे: १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरून ते गोठविले, मुंबईतील चाळी दुरुस्तीवाचून खचत गेल्या, आणि १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ही गोठवणूक गैरवाजवी ठरविल्यानंतरच १९९९ चा नवा कायदा होऊन वर्षास चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण धास्तीवर तोंडी करार हा उपाय नाही. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करावा. त्यावरील मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, म्हणजे अशा खोलीस अगदी किरकोळ, आणि त्या कागदाने मालकाइतकेच भाडेकरूलाही संरक्षण मिळते.

परतताना सोनगीरचा किल्ला मागे पडेपर्यंत गुरुजी काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझे स्पष्ट मत विचारले. तीस लाखांस ही चाळ घेऊ नये, असे मी त्यांना सांगितले. वीस लाखांस आणि निर्वेध मालकीने मिळाली, तर कर्ज दहा लाखांवर न नेता अवश्य घ्यावी, आणि घेतल्यावर पहिला खर्च दुसऱ्या टाकीवर व पत्र्याखालच्या छतावर करावा.