आधी विचारा, मग आराखडा करा

पाड्यापाड्यांतल्या दादांनो, मावश्यांनो, आणि आमच्यासारख्या बारावी करून घरी बसलेल्या पोरापोरींनो,

२०१८ च्या नोव्हेंबर महिन्यात खान्देशातले आदिवासी वनहक्काच्या दाव्यांसाठी ठाण्याहून पायी चालत मुंबईच्या आझाद मैदानावर गेले होते. पायाला फोड आले, पण लोक पोचले. त्या मुंबईत उंच इमारती पाहिल्या, गाड्या पाहिल्या. पण त्याच मुंबईत समुद्राच्या काठाला एक जुनं गाव आहे, ते आपण पाहिलं नाही. त्याचं नाव वरळी कोळीवाडा. आज आम्ही त्या गावाबद्दल लिहितो आहोत.

तुम्ही म्हणाल, आपण अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी राहणारे, आपल्याला समुद्राचं काय घेणं? थोडं वाचा. आमचं म्हणणं आहे की त्यांची आणि आपली गोष्ट एकच आहे. त्यांच्याकडे पाणी आहे, आपल्याकडे जंगल आहे, एवढाच फरक.

वरळीचे कोळी पिढ्यान् पिढ्या मासे धरतात. शहर त्यांच्या भोवती नंतर वाढलं. मग सरकारने मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंत समुद्राच्या कडेने मोठा रस्ता करायचं ठरवलं. त्याला कोस्टल रोड म्हणतात. २०१८ साली काम सुरू झालं. रस्त्यासाठी समुद्रात भराव टाकला. ज्या खडकांवर बाया कालवं आणि शिंपल्या वेचायच्या, त्यातला बराच किनारा भरावाखाली गेला. पुढे हा रस्ता वरळीच्या सागरी सेतूला जोडायचा होता, त्यासाठी पूल लागणार होता. पुलाचे खांब नेमके कोळ्यांच्या होड्या जायच्या वाटेत येत होते. दोन खांबांमधलं अंतर ठरलं होतं ६० मीटर.

कोळी म्हणाले, ६० मीटरमधून होडी जाईल, पण वारं सुटल्यावर नाही. भरतीच्या वेळी लाटा होडीला बाजूला फेकतात. समोरून दुसरी होडी आली तर खांबावर आपटेल, माणूस मरेल. आम्हाला २०० मीटर जागा सोडा.

ही गोष्ट त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचली नव्हती. रोज पहाटे त्या पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ती ठाऊक असते. पण नकाशा काढताना त्यांचं कोणी ऐकलं नाही. मंग कोळी होड्या घेऊन समुद्रात गेले आणि २०२१ च्या अखेरीला त्यांनी पुलाचं काम अडवलं. बैठका झाल्या, तज्ज्ञ आले, अहवाल आले. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात सरकारने मान्य केलं की मधला एक खांब काढू आणि अंतर १२० मीटर करू.

आता यातून दोन गोष्टी घ्यायच्या.

पहिली गोष्ट, कोळी बरोबर होते. बरोबर नसते तर अर्धं काम झालेल्या पुलाचा खांब कोणी काढला नसता. जे काम नकाशा काढायच्या आधी कोळीवाड्यात चार वेळा बसून झालं असतं, त्यासाठी सगळा नकाशा बदलावा लागला. लोकांना विचारत बसलं तर विकासाला उशीर होतो, असं साहेब लोक नेहमी सांगतात. वरळीत उशीर झाला तो न विचारल्यामुळे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्यांनी २०० मागितले, मिळाले १२०. लढाई जिंकली तरी मागितलं तेवढं हाती आलं नाही. भरावाखाली गेलेले खडक परत आले नाहीत. नंतर विचारलं की असंच होतं. नकाशा पक्का झाल्यावर फक्त घासाघीस उरते. कोणाची जागा कुठे आणि वाट कुठून, हे तोवर दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं.

अजून एक गोष्ट याच मुंबईची. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबई महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा लोकांसमोर ठेवला. शहर पुढे कसं असेल ते त्यात होतं. लोकांनी नकाशे उघडून पाहिले तर बरेचसे कोळीवाडे, जुनी गावठाणं आणि आदिवासी पाडे त्यात नीट दाखवलेलेच नव्हते. हो, मुंबईत पण आदिवासी पाडे आहेत. आरेच्या जंगलात वारली, कोकणा, मल्हार कोळी राहतात. माणसं जागेवर होती, चुली पेटत होत्या, पण नकाशात तिथे काहीच नव्हतं. हजारो हरकती आल्या, आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारला तो मसुदा मागे घेऊन पुन्हा दुरुस्त करायला सांगावं लागलं.

हे वाचून आम्हाला आपल्याकडचं आठवलं. आपले किती पाडे महसुली नकाशावर आहेत? गावाचं नाव असतं, पाड्याचं नसतं. शाळा गावात, रेशन गावात, ग्रामपंचायत गावात. पाडा म्हणजे मतदार यादीतलं शेवटचं पान. ज्याचं नाव नकाशावर नाही त्याच्यासाठी कोणी रस्ता आखत नाही. त्याच्या अंगणातून दुसऱ्याचा रस्ता मात्र आखता येतो, कारण कागदावर ती जागा मोकळी असते.

आता आपल्या घरातली गोष्ट. २०१५-१६ पासून महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' नावाचा कार्यक्रम आहे. दरवर्षी ग्रामपंचायतीने लोकांना विचारून विकास आराखडा करायचा, असं त्यात आहे. नाव किती छान! पण आम्ही ज्या पाड्यांत फिरतो तिथे बायांना विचारलं की मावशी, आराखड्यात तुम्ही काय सांगितलं, तं मावशी विचारते, कसला आराखडा? एका पाड्यात तर रजिस्टर घरोघर फिरवून सह्या आणि अंगठे घेतले होते. वरचं पान कोरं होतं. नंतर कळलं की त्या पानावर ग्रामसभा झाली, ठराव पास झाला, आणि गावाच्या तोंडाशी कमान अन् पेव्हर ब्लॉक मंजूर झाले. पाड्यातल्या बायांना पाहिजे होती नाल्यावरची फरशी. पावसाळ्यात नाला आला की बाळंतीण पलीकडे नेता येत नाही. पेव्हर ब्लॉकवरून कोणाची बाळंतीण चालत गेली, ते आम्हाला सांगा.

यात चूक फक्त त्यांचीच आहे का? आम्ही खरं बोलणार आहोत. अंगठा आपणच दिला. सभेच्या दिवशी आपण कापूस वेचायला गेलो. साध्या ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं, यातला जो आकडा कमी असेल तेवढा कोरम लागतो. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. मंग पाच माणसं बसून सगळ्या गावाचं भविष्य ठरवतात, आणि ते कायद्यात बसतं.

अजून एक खरं. आम्ही कार्यकर्ते पोरं पण तेच करतो. आम्हाला लिहिता येतं म्हणून आम्ही रात्री बसून पाड्याचा आराखडा लिहून काढतो, सकाळी वाचून दाखवतो आणि विचारतो, बरोबर आहे ना? लोक मान हलवतात. साहेबाने केलं तेच आम्ही केलं, फक्त भाषा आपली. मागच्या पावसाळ्यात आम्ही असाच एक कागद केला आणि त्यात रोपं लावायला एक माळ धरला. एक म्हातारी आजी उठली अन् म्हणाली, पोरा, तिथे तं आम्ही उन्हाळ्यात ढोरं चारतो, तिथे झाडं लावली तर शेळ्या तुझ्या घरी बांधू का? सगळे हसले. आम्ही खाली मान घातली. आजी बोलली नसती तर तिच्या शेळ्यांचं कुरण आमच्याच हातून गेलं असतं. म्हणून हा लेख जेवढा सरकारसाठी आहे तेवढाच आमच्यासाठी आहे.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. जामनेर तालुका पेसाखाली येत नाही. आपल्या जिल्ह्यात चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतली काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत, आपण नाही. म्हणून कोणी सांगतं की तुम्हाला हक्कच नाही. हे खोटं आहे. २००६ चा वनहक्क कायदा पेसा असो नसो, सगळीकडे लागू आहे. त्याच्या कलम ३(१)(झ) मध्ये, इंग्रजीत ज्याला 'आय' म्हणतात त्यात, आपण परंपरेने राखत आलो त्या सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम ५ मध्ये ग्रामसभेला जंगल, पाणी, वन्यजीव राखायचा अधिकार आहे. २०१२ च्या सुधारित नियमांत लिहिलं आहे की ग्रामसभेने समिती नेमायची, समितीने जंगलाचा व्यवस्थापन आराखडा करायचा आणि वनविभागाच्या आराखड्याशी तो जोडायचा. महसुली गावात मोडणाऱ्या पाड्यांची यादी करायचंही त्याच नियमांत आहे. आणि या ग्रामसभेचा कोरम १५ टक्के नाही, निम्मे लोक लागतात, त्यातल्या एक तृतीयांश बाया. बाया नसतील तर सभा होतच नाही.

हे नुसतं कागदावर आहे असं समजू नका. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) गाव पहा. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून गाव स्वतः बांबू विकू लागलं. तिथे एकमत होईपर्यंत बसायची पद्धत आहे. ओडिशात नियमगिरी डोंगर आहे. तिथे खाण काढायची होती. २०१३ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ग्रामसभांना विचारा. १२ ग्रामसभा झाल्या, बाराच्या बारांनी नाही म्हटलं. खाण झाली नाही. तिथे आधी विचारलं गेलं म्हणून डोंगर राहिला. वरळीत नंतर ऐकलं म्हणून फक्त एक खांब हलला. हा फरक ध्यानात ठेवा.

मंग आपण काय करायचं? आमचं मत असं आहे की दुसऱ्याचा आराखडा यायची वाट पाहायची नाही. वनविभागाचं रोपवन येईल, धरणाचं काम येईल, कंपनीची सौर प्लेट येईल, पर्यटनाचं काही येईल. ते आल्यावर नुसता विरोध करायला गेलो तर आपल्यालाही १२० वरच समाधान मानावं लागेल. त्याआधी आपला कागद तयार पाहिजे.

सुरुवात बायांपासून करा. कायद्याने ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायचीच असते. सरपण कुठून आणता, पाणी कोणत्या महिन्यात आटतं, टेंभुर्णीची पानं, चारोळी, डिंक, सीताफळ कुठे मिळतं, हे त्यांना विचारा. कोणी मधे बोलू नका, आम्ही पण बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या माणसांना घेऊन पाड्याची हद्द चाला. देवाची जागा, जुनं स्मशान, पाणवठा, कुरण, ढोरांची वाट, सगळं पहा. म्हातारा बोलेल ते लिहून घ्या. दाव्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून चालतो. एकापेक्षा जास्त पुरावे लागतात, म्हणून सोबत दुसरा पुरावा जोडा.

मग अंगणात चुन्याने आणि राखेने जमिनीवर नकाशा काढा. कागदावर काढला तर लिहिता येणाराच काढतो. जमिनीवर काढला तर शेळ्या राखणारं पोर पण येऊन सांगतं, नाला इथून नाही, तिथून वळतो. सगळ्यांचं समाधान झाल्यावर तो कागदावर उतरवा.

शेवटी सभा घ्या आणि तीनच प्रश्न ठेवा. आज आपल्याकडे काय आहे? काय गेलं? नातवंडांसाठी काय ठेवायचं? पोरं सुरत-नाशिकला कामाला जातात, त्यांना पण फोन लावून विचारा, कारण परत येतील तर याच पाड्यात येतील. ठराव तिथेच लिहा, मोठ्याने दोनदा वाचा, मग सह्या घ्या. कोऱ्या पानावर सही नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. एक प्रत पाड्यात ठेवा, एक ग्रामपंचायतीला द्या, एक उपविभागीय समितीला. पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

याला वेळ लागेल. भांडणं होतील. चराईवाला आणि शेतीवाला एकमेकांवर ओरडतील. ओरडू द्या. आज आपल्या अंगणात ओरडलेलं बरं, उद्या साहेबाच्या दारात हात जोडण्यापेक्षा.

वरळीच्या कोळ्यांनी समुद्र वाचायला शाळेत जाऊन शिकलं नाही. आपल्या आजीनेही जंगल शाळेत शिकलं नाही. तरी ज्या दिवशी तिला विचारलं, त्या दिवशी आमचा आराखडा सुधारला. येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत प्रत्येक पाड्याने आपला नकाशा हातात घेऊन जायचं आहे. रजिस्टर पुढे आलं तर आधी एकच वाक्य म्हणा : काय लिहिलं आहे ते वाचून दाखवा.

जोहार. जल, जंगल, जमीन आमची आहे, तिचा आराखडा पण आमचाच.