कसोटी यंत्राची नव्हे, नेतृत्वाची

बँकांच्या डिजिटल स्थित्यंतराची चर्चा बहुधा सॉफ्टवेअर आणि गुंतवणुकीच्या आकड्यांभोवतीच फिरते. प्रत्यक्षात हा बदल तरतो किंवा फसतो तो काउंटरच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसांमुळे. त्यांना सोबत घेणे हे व्यवस्थापनाचे खरे काम. या दृष्टीने भारतीय स्टेट बँकेचा अनुभव बोलका आहे.

ऑक्टोबर २०१३ मध्ये अरुंधती भट्टाचार्य या बँकेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. १९७७ मध्ये परिवीक्षाधीन अधिकारी म्हणून रुजू झालेल्या भट्टाचार्य यांना शाखेपासून मुख्यालयापर्यंतची प्रत्येक पायरी ठाऊक होती. त्यांच्या कारकिर्दीत, २०१४ मध्ये 'इनटच' या डिजिटल शाखा उघडल्या आणि २०१५ मध्ये 'बडी' हे मोबाइल पाकीट आले. नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीत शाखांपुढे रांगा लागल्या. पाठोपाठ १ एप्रिल २०१७ रोजी पाच सहयोगी बँका व भारतीय महिला बँक स्टेट बँकेत विलीन झाल्या. निरनिराळ्या कार्यसंस्कृतींत वाढलेल्या कर्मचाऱ्यांना एका व्यवस्थेत आणणे हे कोणत्याही यंत्राच्या आवाक्यातले काम नव्हते. 'योनो' हे अॅप त्या निवृत्त झाल्यावर, नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झाले; त्याची पायाभरणी मात्र आधीच झाली होती. 'बडी' पुढे २०१८ मध्ये बंद झाले. प्रयोग करणे आणि वेळ येताच तो आवरता घेणे, या दोन्हींची तयारी असल्याखेरीज असे स्थित्यंतर पुढे सरकत नाही.

अशा नेतृत्वाचे श्रेय 'स्त्रीसुलभ मृदुते'ला देण्याची प्रथा आहे. ती वरकरणी गौरवाची वाटली, तरी अन्यायकारक आहे. त्यामुळे चार दशकांचा अनुभव झाकला जातो आणि उपजत गुणच तेवढा उरतो. भट्टाचार्य यांच्या काळात महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या वा वृद्धांच्या देखभालीसाठी दोन वर्षांपर्यंतची रजा घेण्याची सोय झाली. तिच्यामागे मृदुता शोधण्याचे कारण नाही. प्रशिक्षित अधिकारी गमावणे संस्थेला परवडत नाही, असा तो रोकडा हिशेब आहे.

प्रश्न पुढचा आहे. २०१७ नंतर २०२४ पर्यंत नेमले गेलेले स्टेट बँकेचे तिन्ही अध्यक्ष पुरुष आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्याने सूचिबद्ध कंपन्यांना किमान एक महिला संचालक नेमणे बंधनकारक केले. परंतु शाखा व्यवस्थापक आणि महाव्यवस्थापक यांच्या दरम्यानच्या पायऱ्यांविषयी तो मौन पाळतो. बदली, बढती आणि घर यांची ओढाताण नेमकी तिथेच होते. नवे तंत्रज्ञान शिकण्याचे, प्रकल्प हाताळण्याचे वयही तेच. त्या वयात मागे पडलेली अधिकारी पुढे निवड समितीसमोर पोहोचतच नाही.

तेव्हा महिलांना शिखरावर एखादी खुर्ची देऊन भागणार नाही. डिजिटल प्रकल्पांची सूत्रे त्यांच्या हाती मधल्या फळीतच पडली, तर उद्याच्या अध्यक्षांच्या यादीत त्यांची नावे अपवाद म्हणून शोधावी लागणार नाहीत.