‘समजलं का?’ विचारू नका



वनहक्काची शिबिरं आपण पाड्यापाड्यांवर घेतो. घेणाऱ्यांत मीपण आहे, म्हणून आधी माझी चूक सांगतो.

एका पाड्यावर मी दोन तास बोललो. कलमं, नमुने, समित्या, सगळं धडाधड. ‘दाव्याला किमान दोन पुरावे लागतात’ हेही सांगितलं. शेवटी विचारलं, ‘समजलं का?’ सगळे बोलले, ‘हां, समजलं.’ मी खूश.

पुढं तिथल्याच एका म्हातारीचा दावा पुरावा नाही म्हणून उपविभागीय समितीनं फेटाळला. तिच्या घरी गेलो. आढ्याला खोचलेल्या पिशवीत फॉरेस्टच्या दंडाच्या दोन पावत्या निघाल्या, नवऱ्याच्या नावाच्या, खूप जुन्या. ‘आजी, या का नाही दिल्या?’ ती बोलली, ‘चोरीची पावती सायबाला कशी दाखवू?’

13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून जमीन आपण कसतो, हे दाखवायचं असतं. ज्या कागदानं तिला चोर ठरवलं, तोच कागद ते दाखवतो. पण मी ‘पुरावा’ हा शब्द सांगितला, पावतीचं नावच काढलं नाही. चूक तिची नाही, माझी.

म्हणून माझं मत आहे की शिबिर फळ्यासमोर नको, बांधावर घ्या. घातलेला बांध, सपाट केलेली जमीन, बांधलेलं झोपडं हेसुद्धा पुरावे आहेत. पाड्यातल्या दुसऱ्या जुन्या माणसाचा जबाब लिहून घेतला तर तोही चालतो. हे डोळ्यांनी बघितलं की माणूस विसरत नाही. ‘समजलं का?’ याला तर कुणी नाही बोलतच नाही. त्यापेक्षा ‘तुझ्या घरात कोणता कागद आहे, आण बघू’ असं बोला.

दुसरं, टाळ्यांसाठी ‘10 एकर मिळणार’ असं बोलू नका. 4 हेक्टर ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती प्रत्यक्ष कसतो तेवढीच. खोटी आशा लावली तर उद्या लोक संघटनेला विचारतील.

तिसरं, बाया दाराआड बसल्या तर शिबिर अर्धंच झालं समजा. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं होतो, हे तिच्या कानावर पडायला पाहिजे. भर लावणीत सकाळी अकराला बोलावलं तर ती कशी येणार? रात्री जेवणं झाल्यावर बसा.

काही साथी बोलतात, एवढा वेळ कुठं आहे, वीस पाडे करायचेत. मी बोलतो, दहाच करा. न समजलेल्या शिबिराची किंमत आपण भरत नाही, दावा फेटाळला जातो तो भरतो.

म्हातारीचं अपील 60 दिवसांच्या मुदतीत जिल्हा समितीकडं टाकलंय, दोन्ही पावत्या जोडून. निकाल यायचा आहे. तोपर्यंत प्रत्येक शिबिरात मी पहिलं वाक्य हेच बोलतो: ‘दंडाची पावती फाडू नका, लपवू नका, घेऊन या.’